होळकर स्टेडियमवरच दिसलं होतं

प्रश्न : २०२४ मध्ये न्यूझीलंडनं घरात येऊन कसोटी मालिकेत ३-० धुतलं. सराफ्याच्या खाऊगल्लीत कचोरी खातानाही तोच विषय. काका म्हणतात, रोहित-विराटला तेव्हाच घरी बसवायला हवं होतं. तुमचं मत? – एक वाचक, इंदूर

उत्तर : काकांना जरा थांबवा. बेंगळुरूला ४६ धावांत गारद झालो ते ढगाळ हवेत, ते सोडा. पण पुण्यात त्यांच्या फिरकीपटू सँटनरचे १३ बळी, वानखेडेवर एजाज पटेलचे ११! तिथं जिंकायला १४७ धावा हव्या होत्या, १२१वर गारद. पंतनं पुढे सरसावून ६४ ठोकल्या. दुसऱ्या कुणाच्या बाराच्या वर नाहीत. फिरकीचा आखाडा आपणच करायचा अन् चीतही आपणच! तुमच्या होळकर स्टेडियमवर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियासमोर १०९वर आटोपलो, तेव्हा नाक मुरडत खेळपट्टीला नावं ठेवली. काकांना रणजी बघायला न्या. फिरकीला पाय कोण हलवतो ते पाहूनच नावं सुचवू द्या.