लाकडी सांगाड्याचं घर आणि आग : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : लाकडी सांगाड्याचं घर बांधायचा विचार आहे. घरचे म्हणतात, विटांचं घर जळत नाही, लाकडाचं बघता बघता खाक होतं. खरं काय?

उत्तर : वीट जळत नाही, हे खरंच. ती भट्टीत हजारेक अंशांत भाजून निघालेली असते. पण आग बहुतेक वेळा सुरू होते ती खोलीतल्या सामानात : कढईतलं तेल, गादी, पडदे, चार्जिंगला लावलेली बॅटरी. फोमच्या सोफ्यांनी भरलेली खोली पाचेक मिनिटांत सगळी पेटू शकते, मग भिंती कशाच्याही असोत. आणि माणसं दगावतात ती बहुतेक धुरानं, अनेकदा झोपेत. त्या पहिल्या मिनिटांत दोन्ही घरांत जिवाला धोका सारखाच. फरक पडतो तो त्यानंतर.

प्रश्न : जाड लाकडी तुळई आगीत लोखंडापेक्षा जास्त टिकते, असं ऐकलं. पटत नाही.

उत्तर : जाड असेल तर टिकते. लाकडाचा वरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. देवदार-पाइनसारखं मऊ लाकूड मिनिटाला सुमारे 0.65 मिलिमीटर या वेगानं जळत आत जातं. जळालेली तुळई आडवी कापून पाहा. वर तडे गेलेला काळा थर, तो खरवडला की खाली तपकिरी रंगाची अरुंद पट्टी, आणि मधोमध नुकताच रंधा मारलाय असं वाटावं इतकं स्वच्छ लाकूड. उघडं पोलाद मात्र 550 ते 600 अंशांत निम्मी ताकद गमावतं आणि वाकतं.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. सांगाड्याच्या भिंतीतली उभी लाकडं जेमतेम चार-पाच सेंटिमीटर जाड असतात. दोन्ही बाजूंनी आग लागली तर अर्ध्या तासात त्यातलं चार सेंटिमीटर संपलं! जाड तुळईचा दाखला देऊन सांगाड्याचं घर विकणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

प्रश्न : मग सांगाडा वाचतो कशामुळे?

उत्तर : भिंतीला आतून लावलेल्या जिप्सम बोर्डामुळे, म्हणजे जिप्सम या खनिजाच्या कागदात मढवलेल्या पाट्यांमुळे. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे 21 टक्के पाणी बांधलेलं असतं. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन जातं, आणि ते संपेपर्यंत बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या आसपासच राहते. आग थोपवायला ढोबळमानानं एका थराला अर्धा तास, दोन थरांना एक तास धरतात. पण आगीची चाचणी अख्ख्या भिंतीची होते : बोर्ड, स्क्रूंमधलं अंतर, आत भरलेली रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर), सगळं मिळून. त्यातलं एक बदललं की तो आकडा तुमच्या भिंतीला लागू नाही.

खरी भीती बोर्डामागच्या, भिंतीच्या आतल्या पोकळीची. स्विचबोर्ड काढून मागे टॉर्च मारा. दोन वायरींसाठी मूठभर भोक पाडून तसंच सोडलेलं दिसतं का? त्या भोकातून आग भिंतीच्या आत शिरली की बोर्डाआडून, धुराड्यातून चढावी तशी वर सरकते. खोलीतली विझली तरी आत धुमसत राहते. म्हणून प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आणि दारं-खिडक्यांभोवती पोकळीत आग अडवणारे आडोसे घालावेच लागतात. बांधकाम चालू असताना बोर्ड लागायच्या आधी हे आडोसे स्वतः पाहा, फोटो काढून ठेवा. एकदा बोर्ड लागला की ते कुणालाच दिसत नाहीत.

प्रश्न : बांधकाम चालू असताना धोका जास्त असतो का?

उत्तर : खूपच. उघडा सांगाडा, मोकळा वारा, खाली भुसा. बोर्ड लागेपर्यंत तिथे वेल्डिंग किंवा ब्लोटॉर्च नको.

प्रश्न : आमचं घर विटांचं आहे. आम्ही निर्धास्त राहावं ना?

उत्तर : शेजारची आग तुमच्याकडे सहज येणार नाही, हा विटेचा मोठा गुण. 1666 च्या आगीनंतर लंडनमध्ये नवी घरं विटांची किंवा दगडाचीच बांधायचा कायदा झाला तो याचसाठी. पण आपल्या घरातलं छप्पर, जिना, मजल्याच्या तुळया कशाच्या आहेत? अनेक विटांच्या घरांत हे सगळं लाकडीच असतं. तेव्हा प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ स्मोक अलार्म लावा, महिन्यातून एकदा बटण दाबून तो वाजतो का बघा, आणि रात्री खोल्यांची दारं लावून झोपा. बंद दार धूर बराच वेळ अडवतं. लाकडी घरात राहणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.