मेंदूच्या चित्रातला लाल ठिपका

मुलगा आठवीत आहे. पाढे पाठ आहेत, पण तोंडी गणितात मधली संख्याच विसरतो. स्कॅन काढून स्मरणशक्ती मोजता येईल का? कपाळामागचा भाग जितका लाल, तितकी बुद्धी जास्त, असं ऐकलं. – एक आई, कोथरूड

ताई, त्यासाठी स्कॅन मुळीच काढू नका. तो लाल रंग मेंदूत नसतो, संगणक भरतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की चार-सहा सेकंदांत तिकडे प्राणवायूयुक्त रक्त जास्त येतं आणि एमआरआयच्या संकेतात अगदी थोडा फरक पडतो. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे दाखवलं, त्यावरच फंक्शनल एमआरआय उभं आहे.

स्मरणशक्तीचा प्रयोग असा असतो. माणूस यंत्रात निश्चल पडलेला, कानांवर ठकठक. समोर एकेक अक्षर येतं : क, ट, क, म. दोन अक्षरांआधी आलेलंच पुन्हा आलं की बटण दाबायचं. म्हणजे दुसऱ्या 'क'ला दाबायचं, आणि तोवर 'ट' विसरायचा नाही. मग सोप्या कामाच्या वेळचा संकेत यातून वजा करतात. उरलेल्या फरकाला रंग देतात, तोही बहुधा अनेकांची सरासरी काढून. त्यामुळे लाली म्हणजे हुशारी नव्हे. ज्याला काम जड जातं त्याचा हा भाग कधी जास्तच राबताना दिसतो.

मुलाला मधली संख्या कागदाच्या कोपऱ्यात लिहू द्या. त्यात कमीपणा नाही. हा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो.

वय ७२. फ्रिज उघडतो आणि काय घ्यायचं तेच आठवत नाही. – सदाशिव पेठ

काका, हे वयानुसार बहुतेकांना होतं. ज्येष्ठांच्या मेंदूत सोप्या कामालाही पुढचा भाग बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी मदतीला येताना दिसतो. मात्र रोजचा रस्ता चुकू लागला किंवा तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला जाऊ लागला, तर न्यूरॉलॉजिस्टना नक्की भेटा. तिथे स्मृतीच्या चाचण्या आणि साधा एमआरआय उपयोगी पडतो, हे रंगीत चित्र नाही.

एका वेळी सात गोष्टी लक्षात राहतात की चार? ब्रेन-ट्रेनिंग ॲप घेऊ का? – स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नवी पेठ

सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा, १९५६चा. मनात घोकायला वाव दिला नाही तर चारच्या आसपास, असं दुसरे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. ॲपने त्या खेळात हात बसतो, अभ्यासात फारसा फरक पडत नाही. ते पैसे अभ्यासिकेच्या फीला ठेव.