वाचकांचे प्रश्न : वेज जमिनीत का रुतते?

प्रश्न : मी चार वर्षांपासून उजव्या हाताने गोल्फ खेळतो. ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) आणि मधल्या आयर्नचा (मध्यम अंतराच्या क्लबचा) फटका बऱ्यापैकी लागतो, परंतु ग्रीनपासून (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापासून) वीस-तीस यार्डांवर आलो की माझा भरवसा सुटतो. एक फटका चेंडूच्या मागे जमिनीत रुततो आणि चेंडू हातभरच पुढे सरकतो. पुढच्या वेळी सावध राहिलो की वेजची (छोट्या, उंच फटक्यांच्या क्लबची) कड थेट चेंडूच्या पोटावर बसते आणि तो ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. चेंडू मागच्या पायाजवळ ठेवून हात पुढे झुकवावेत, असा सल्ला मला मिळाला होता. तसे केल्यावर रुतणे उलट वाढले. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या दोन्ही चुका दिसायला परस्परविरुद्ध असल्या, तरी त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. क्लबचे, म्हणजे गोल्फच्या काठीचे, डोके कमानीसारख्या मार्गाने फिरते आणि त्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू तुमच्या बाबतीत चेंडूच्या मागे पडत असावा. त्या बिंदूपाशी क्लब जमिनीला भिडला, तर तो रुततो आणि ज्याला आपण फॅट म्हणतो तो फटका बसतो. तेथून तो कसाबसा निसटला, तर वर उचलला जात असतानाच चेंडूपाशी पोहोचतो आणि त्याची पुढची कड चेंडूच्या मध्यावर आदळते. हाच थिन फटका. नियमानुसार चेंडूचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर असावा लागतो, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम 21 मिलिमीटर उंच असतो. चांगला फटका आणि थिन फटका यांच्यातील अंतर एवढेच असल्यामुळे कमान थोडी जरी मागे सरकली, तरी ती चूक लपत नाही.

आता ही कमान मागे का सरकते, हे पाहू. पहिले कारण म्हणजे चेंडू वर उचलण्याची इच्छा. समोर बंकर (वाळूचा खड्डा) किंवा उंचवटा दिसला की खेळाडूचे शरीर नकळत मागच्या पायावर रेलते, खांदा खाली येतो आणि मनगटे चेंडूखालून काहीतरी उकरून काढल्यासारखी वळतात. वास्तविक चेंडू उचलण्याचे काम तुम्हाला करायचेच नसते. सँड वेजचा (वाळूतून खेळण्यासाठीच्या वेजचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, साधारण 54 ते 58 अंश मागे कललेला असतो आणि चेंडूला उंची देण्यासाठीच तो तसा घडवलेला असतो. दुसरे कारण म्हणजे क्लब फार मागे नेऊन चेंडूपाशी येताना घाबरून हात सैल सोडणे. हात थबकले की क्लबचे डोके त्यांना मागे टाकून पुढे धावते आणि कमान चेंडूच्या आधीच संपून वर वळते.

तुम्हाला मिळालेल्या सल्ल्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हा सल्ला फार पसरलेला आहे आणि मीही तो कित्येक वर्षे निष्ठेने पाळत होतो. तुमची सँड वेज हातात घ्या, ती जमिनीवर नेहमीसारखी सरळ टेकवा आणि बाजूने वाकून पाहा. वेजचा तळ सपाट नसून मागच्या बाजूला फुगीर असल्याचे आणि पुढची कड जमिनीपासून किंचित अधांतरी राहिल्याचे तुम्हाला दिसेल. या फुगीरपणाला बाउन्स म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. सँड वेजवर बहुधा 10 ते 14 असा आकडा आढळतो. क्लब जमिनीला लागला की हा फुगवटा त्याला खाली जाऊ न देता गवतावरून पुढे घसरवतो. आता दांडा हळूहळू लक्ष्याच्या दिशेने झुकवा. जसजसा तो झुकतो, तसतसा फुगवटा जमिनीपासून सुटतो आणि पुढची कड खाली येऊन गवतात शिरते. दांडा 10 अंश झुकवला, तर 10 अंशांचा बाउन्स जवळजवळ संपतो आणि घसरणाऱ्या तळाऐवजी खणणारी धार तुमच्या हाती उरते. चेंडू मागच्या पायाजवळ ठेवून हात फार पुढे नेल्यावर नेमके हेच घडते. कडक, उघड्या जमिनीवर थोडा झुकाव उपयोगी पडतो, हे खरे. मात्र मऊ गवतावर तो रुतण्याला आमंत्रणच देतो.

तेव्हा चिपसाठी, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यासाठी, असे उभे राहा. दोन्ही पावलांमध्ये एका पावलाइतकेच अंतर ठेवा, चेंडू त्यांच्या मध्यावर असू द्या आणि हात चेंडूच्या किंचितच पुढे ठेवा. शरीराचे निम्म्याहून थोडे अधिक वजन सुरुवातीपासूनच डाव्या पायावर घ्या आणि फटका संपेपर्यंत ते तेथेच राहू द्या. या छोट्या फटक्यात वजन मागेपुढे नेण्याची मुळीच गरज नसते. क्लब कमी मागे न्या आणि पुढे येताना छातीही लक्ष्याकडे वळू द्या. छाती थांबली की मनगटे पुढाकार घेतात आणि पुन्हा मूळच्या चुकीवर गाडी येते.

सरावासाठी एकच गोष्ट सांगतो, पण ती मनापासून करावी. सरावाच्या गवतावर खडूने किंवा चुन्याने लक्ष्याच्या दिशेला काटकोनात हातभर लांबीची रेघ आखा. तिच्या एका टोकापाशी असे उभे राहा की रेघ पावलांच्या बरोबर मध्ये, चेंडूच्या जागी येईल. चेंडू न ठेवता दहा वेळा वेज फिरवा, प्रत्येक वेळी रेघेच्या कडेने थोडे पुढे सरका आणि गवत कोठून घासले गेले ते दर वेळी पाहा. घासल्याची खूण रेघेवर किंवा तिच्या पुढे सुरू झाली, तर कमान जागेवर आहे. ती रेघेच्या मागे सुरू होत असेल, तर वजन डाव्या पायावर राहिलेले नाही, असे समजा. आवाजाकडेही लक्ष द्या. तळ नीट घसरला की गवतावर खराटा फिरवल्यासारखा हलका आवाज येतो आणि कड रुतली की धप्प असा बसका आवाज येतो. दहांपैकी आठ वेळा खूण योग्य जागी पडू लागेपर्यंत चेंडू ठेवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण चेंडू दिसताच त्याला उचलण्याची जुनी इच्छा जागी होते.

प्रश्न : बंकरमध्ये मी चेंडूवर नजर ठेवून तो स्वच्छ मारण्याचा प्रयत्न करते, तरी तो समोरच्या कडेवर आदळून परत खाली येतो. वाळूत चेंडू नीट कसा मारावा?

उत्तर : ग्रीनच्या कडेच्या बंकरमधून चेंडू बाहेर काढताना चेंडूला मारायचेच नसते. क्लब चेंडूच्या साधारण दोन इंच मागे वाळूत शिरतो, चेंडूखालून सरकतो आणि चेंडू त्या वाळूच्या पातळ थरासोबत बाहेर येतो. म्हणून नजर चेंडूवर न ठेवता त्याच्या मागच्या, वाळूत शिरण्याच्या जागेवर ठेवावी. वेजचा फेस आधी उघडा करावा, म्हणजे आकाशाकडे अधिक वळवावा, आणि मगच मूठ पकडावी; मूठ पकडून मनगटे वळवली, तर फटक्याच्या वेळी फेस पुन्हा मिटतो. फेस उघडल्यामुळे तळाचा फुगवटा अधिक खाली येतो आणि क्लब वाळूत बुडत नाही. आधुनिक सँड वेजचे श्रेय ज्यांना सामान्यतः दिले जाते, त्या जीन साराझेन यांनी तळाला जादा धातू जोडून हाच फुगवटा तयार केला होता आणि 1932 ची ब्रिटिश ओपन त्यांनी तशा वेजनेच जिंकली.

वाळू ओली आणि कडक असेल, तर मात्र फेस फार उघडू नये, कारण तेव्हा तोच फुगवटा उसळी घेतो आणि कड चेंडूवर आदळते. सरावात वाळूवर रेघ ओढून तिच्यापासून वाळू उडवण्याचा अभ्यास जरूर करावा. प्रत्यक्ष खेळात मात्र फटक्यापूर्वी चेंडूच्या लगत मागे-पुढे क्लब वाळूला टेकवणे किंवा सरावाच्या फटक्यात वाळूला स्पर्श करणे नियमात बसत नाही, हे विसरू नये.

प्रश्न : सत्तर यार्डांचा फटका कधी बरोबर पोहोचतो, तर कधी उंच उडून पंधरा यार्ड आधीच पडतो. हाताला मात्र दोन्ही वेळा फटका चांगलाच लागल्यासारखा वाटतो. असे का व्हावे?

उत्तर : चेंडू फेसवर कोठे लागतो, ते आधी तपासा. पुसता येईल अशा पेनने चेंडूवर ठिपका काढा आणि तो ठिपका फेसच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवून मारा; शाई फेसवर उमटेल. ती खाली, म्हणजे फेसवरील आडव्या खाचांपैकी तळापासून दुसऱ्या ते पाचव्या खाचेच्या दरम्यान उमटली, तर चेंडू कमी उंचीने निघून भरपूर फिरकी घेतो. ती वर उमटली, तर क्लब चेंडूखालून निसटतो आहे. गवतावर तरंगणाऱ्या चेंडूच्या बाबतीत हे हमखास होते. अशा वेळी क्लब जमिनीवर न टेकवता चेंडूच्या उंचीवर अधांतरी धरून फटका सुरू करावा आणि पुढे येतानाही तीच उंची राखावी.

दुसरी शक्यता ओलाव्याची आहे. फेस आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी किंवा गवताचे पाते आले की पकड सुटते, चेंडू फेसवरून वर सरकतो आणि उंच पण कमी फिरकीने जातो. खाचा हे पाणी आणि गवत बाजूला सारण्यासाठीच असतात. म्हणून प्रत्येक फटक्यानंतर फेस ओल्या फडक्याने पुसून कोरडा करण्याची सवय मी नव्या वेजच्या खरेदीपेक्षा अधिक मोलाची मानतो.

प्रश्न : छोट्या चिपमध्ये अचानक चेंडू उजवीकडे काटकोनात जातो. उपाय सुचवावा.

उत्तर : हा शँक आहे, चेंडू फेसऐवजी दांड्याच्या जोडापाशी लागतो. उजव्या हाताने खेळताना फटक्याच्या वेळी वजन पायाच्या बोटांवर गेले की क्लब चेंडूकडे ढकलला जातो. चेंडूच्या पलीकडे, म्हणजे तुमच्यापासून दूरच्या बाजूला, दोन बोटांच्या अंतरावर एक लाकडी टी (चेंडू ठेवण्याची छोटी खुंटी) रोवा आणि तिला धक्का न लावता चेंडू मारा. टी पडू लागली, तर टाचांवर थोडे अधिक वजन घेऊन पुन्हा प्रयत्न करा.