०.८ मोठं की ०.३५?

सहावीतली मुलगी ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं म्हणते, "शून्य लावून बघ" सांगितलं की बरोबर उत्तर देते, आणि चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, असं तुम्ही लिहिलंय. ती शून्याची युक्ती तूर्तास बाजूला ठेवा. ०.८ चं ०.८० केलं की तिच्यासमोर फक्त ८० आणि ३५ उरतात. उत्तर जमतं, पण ८ हे दशांशाच्या घरात बसलेत याचा विचार करायची तिला गरजच पडत नाही.

आधी तिच्या डोक्यात काय चाललंय ते काढून घ्या. दोन जोड्या द्या: ०.८ आणि ०.३५, मग ०.३ आणि ०.४५. टिंबानंतरचा आकडा साधी पूर्ण संख्या समजणारी मुलं पहिली जोडी चुकतात, दुसरी बरोबर सांगतात. काही मुलांचं नेमकं उलट असतं. शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून टिंबानंतर जास्त अंक ती संख्या लहान, असा त्यांचा हिशोब. ती पहिली जोडी बरोबर सांगतात आणि दुसरीत अडकतात. दोघांनाही निम्मे गुण मिळतात, त्यामुळे वर्गातल्या चाचणीत खरं दुखणं लपून राहतं. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर "कशावरून?" विचारायचंच.

बहुतेक घरांत दशांशाची सुरुवात रुपये-पैशांनी होते. मला ते पटत नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, तेव्हाच्या मुलांच्या हातात ते पैसे खेळत होते. आजच्या मुलांनी पाच पैशांचं नाणं पाहिलेलंही नसतं. शिवाय "बारा रुपये पन्नास पैसे" म्हटलं की टिंबाच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र संख्या आहेत असंच वाटतं. मग ३ रुपये ५ पैसे हे बिनदिक्कत ३.५ असं लिहिलं जातं.

त्यापेक्षा शिवणकामाची टेप काढा आणि शंभर सेंटीमीटरपर्यंतचा भाग जमिनीवर पसरा. दर दहा सेंटीमीटरवर खूण करा, हे मीटरचे दशांश. ०.८ मीटर म्हणजे आठवी खूण. ०.३५ साठी तिसरी खूण ओलांडून पाच बारीक घरं पुढे. कोण लांब, हे वेगळं सांगावं लागत नाही. मग ०.०८ कुठे ते विचारा, आणि त्यानंतर ०.४ व ०.५ यांच्यामधली एखादी संख्या. "मध्ये काहीच नाही" असं उत्तर आलं तर टेप गुंडाळू नका.

शून्याला अर्थ येतो तो भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. तिथे ०.२५०, ०.५००, ०.७५० असे आकडे दिसतात आणि आपण त्यांना पाव, अर्धा, पाऊण म्हणतो. काट्यावरचं ०.५०० आणि वहीतलं ०.५ एकच, हे तिला तिथे दिसलं की ती शून्याची युक्ती खुशाल परत आणा. घरात "शून्य पॉइंट पस्तीस" म्हणणं मात्र आजच थांबवा. "तीन पाच" म्हणा.

गुणाकारात पुढचा खड्डा आहे: गुणलं की वाढतंच, हा समज. पावकी-निमकीचे पाढे होते तेव्हा बाराचा पाव तीन हे तोंडावर असायचं. १२ × ०.२५ = ३ म्हणजे तेच. ०.३ × ०.२ चं उत्तर ०.६ आलं तर दहा बाय दहा चौकोनांची जाळी काढून तीन ओळी आणि दोन उभे स्तंभ रंगवायला द्या. दोन्ही रंग पडलेली घरं सहा निघतात, शंभरातली सहा, म्हणून ०.०६.

घरात क्रिकेटवेडे असतील तर एक सावधगिरी. ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू, म्हणजे साडेचार. तेवढ्यात ४५ धावा झाल्या तर धावगती १०, कॅल्क्युलेटरवर ४.३ ने भागलं तर साधारण १०.४७ येते. ते टिंब दशांश चिन्ह नव्हेच. धावफलकावर ४.७ षटकं का दिसत नाहीत, हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की मग भागाकाराला हात घाला.