गरवायला जाताना: वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरून खाडीचं पाणी निवळायला लागलं की काठावरून गरवण्याबद्दलची, म्हणजे गळ टाकून मासे पकडण्याबद्दलची, पत्रं वाढतात. जिवंत आमिषाविषयीचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

रेवदंड्याच्या बाजूला कुंडलिकेच्या खाडीवर शनिवार-रविवार निवांत बसून गरवायचं आहे. उधाण धरून जावं असं सगळे सांगतात. ते बरोबर आहे का?
(एक वाचक, पुणे)

दोन दिवस एका जागी बसून जिवंत कोळंबी लावायची असेल तर उधाण टाळा. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत ओढ इतकी असते की ४० ग्रॅमचं शिसंही तळावर लोळत जातं. कोळंबी दोरीच्या टोकाला गरगर फिरून मरते आणि गढूळ पाण्यात माशाला ती दिसतही नाही. त्यापेक्षा भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते, दिवस घ्या: सप्तमी ते दशमी, पक्ष कोणताही.

याला आणखी एक कारण आहे. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. म्हणजे भांगात भरती पहाटे आणि तिन्हीसांजेला येते, आणि जिताडा, तांबोशी हे मासे कमी उजेडातच शिकारीला काठाशी सरकतात. भरती पूर्ण होण्याआधी दोन तास आणि नंतर एक तास, एवढंच मन लावून बसा. मधला दिवस आमिषाची काळजी, जेवण आणि झोप यांसाठी ठेवा.

भांगात पाणी मंद असतं, म्हणून जागा अशी निवडा जिथे ते अरुंदातून वाहतं: पुलाचे खांब, जुना धक्का, उपखाडीचं तोंड. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, हेही हिशेबात धरा.

सकाळी घेतलेली जिवंत कोळंबी अकरापर्यंत निम्मी मरते. बादलीत हवेचा पंपही लावतो. काय चुकतं?
(एक वाचक, पनवेल)

पंप केव्हा लावता? कोळंबी पृष्ठभागावर येऊन उड्या मारायला लागल्यावर लावला तर उशीर झालेला असतो. पहिली कोळंबी बादलीत पडण्याआधी पंप सुरू हवा. दुसरं, गर्दी. १५ लिटरच्या बादलीत बोटाएवढ्या २५ कोळंब्या पुरे. जास्त झाल्या की त्यांच्याच घाणीने पाण्यात अमोनिया वाढतो आणि त्यावर पंपाचा इलाज नाही.

पाणी जिथे कोळंबी पकडली तिथलंच हवं. नळाचं पाणी तर नकोच, त्यात क्लोरीन असतं आणि मीठ नसतं. ओहोटीच्या शेवटी खाडीचं पाणीही गोडसर होतं, तेव्हा बदलायला घेऊ नका. भरतीचं घ्या, आणि एका वेळी बादलीचा चौथा हिस्साच बदला. खारेपणा एकदम बदलला की धडधाकट कोळंबीही आडवी पडते.

उन्हात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. बादलीवर ओलं गोणपाट टाका. दुपारी घट्ट झाकणाच्या बाटलीत गोठवलेलं पाणी कापडात गुंडाळून बादलीत सोडा. मोकळा बर्फ टाकू नका, तो वितळून खारं पाणी गोडं करतो. अंग पांढुरकं झालेली कोळंबी दिसताच काढा, कारण एक सडली की तासाभरात बाकीच्यांना नेते.

रात्रीसाठी बादलीच नको. भोकं पाडलेला झाकणाचा डबा दगड घालून धक्क्याच्या खोल बाजूला सोडा आणि दोरी एवढी लांब ठेवा की ओहोटीतही डबा पाण्याखाली राहील. भांगात पाणी फार चढत-उतरत नाही, त्यामुळे हे सोपं जातं.

कोळंबी विकत घेताना पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्याला शेवटच्या फेकीतली मागा. जाळ्यात दाबली गेलेली कोळंबी वरून जिवंत दिसते, पण टिकत नाही.

कोळंबी लावून टाकली की पाच मिनिटांत गरी (गळाचा आकडा) रिकामी येते. आणि मोठा मासा लागलाच तर तंगूस (नायलॉनची दोरी) तुटतो.
(एक वाचक, पेण)

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. गरी रिकामी करणारे बहुतेक वेळा खेकडे असतात, आमिष तळावर पडलं की ते येतात. बूच लावून कोळंबी तळापासून हात-दीड हात वर ठेवा. गरी १/० ची, पातळ तारेची. डोक्यावरच्या करवती शिंगाच्या बुडाशी, कवचातून दिसणाऱ्या काळ्या डागाच्या पुढे, आडवी टोचा. डागाला लागली की कोळंबी तिथेच मेली. लांब फेकायचं असेल तर शेपटीच्या शेवटच्या पेराच्या आधी टोचा. झटका देऊ नका, कडेने झुलवून सोडा. कोळंबीऐवजी बोयट माशाचं पिल्लू लावणार असाल तर ३/० ची गरी, वाहत्या पाण्यात वरच्या ओठातून, संथ पाण्यात पाठीवरच्या पराच्या मागे, कण्याला न लागता.

आता तंगूस. जिताड्याच्या गालफडाची कड सुरीसारखी असते. मुख्य दोरी ०.४० मिलिमीटरची चालेल, पण शेवटचा दोन-अडीच फुटांचा तुकडा ०.७० चा हवा. मध्ये फिरकी, तिच्यावर मणी. बूच न लावता तळावर गरवताना मण्याच्या वर मुख्य दोरीवर सरकतं शिसं घाला, म्हणजे मासा आमिष घेऊन निघाला तरी त्याला वजन जाणवत नाही. प्रत्येक माशानंतर तो तुकडा बोटांतून ओढून पाहा, खरखर लागली की बदला. तांबोशीचा तुटण्याचा प्रकार वेगळा आहे. ती आमिष उचलताच खांबाकडे किंवा तिवरांच्या मुळांकडे पळते. तिथे चक्रीचा ब्रेक आधीच घट्ट हवा, पहिले दोन मीटर दिले की ती गेली.

एक विनंती. जिताडा जन्माला नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे खूप मोठा जिताडा जवळपास नेहमी मादीच असतो. हातभर मासा ताटाला उत्तम. त्याहून फार मोठा लागला तर पाण्यातच गरी काढून सोडता आला तर सोडा.

गरी काढताना शिंगाळ्याचा काटा हातात घुसला तर?
(एक वाचक, अलिबाग)

शिंगाळ्याला तीन काटे असतात: पाठीवर एक, दोन बाजूंना एकेक. तळहाताने दाबण्याऐवजी टॉवेलने धरून पक्कडीने गरी काढा. काटा लागलाच तर वर दिसणारा तुकडा काढा, जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास हात बुडवा. काट्याच्या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात, म्हणून ठणका उतरतो. दुखरा हात बधिर असल्याने भाजल्याचं कळत नाही, पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा. बर्फ लावू नका. तुकडा आत राहिला असेल, सूज वर चढत असेल किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. या कामासाठी थर्मासभर गरम पाणी काठीबरोबरच न्यायचं.