जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचा डिफरन्शियल बदलायला अख्खा अ‍ॅक्सल उतरवावा लागतो का?

नाही, अ‍ॅक्सल गाडीलाच राहू द्या. अ‍ॅम्बॅसेडरच्या डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा भाग, पुढच्या बाजूने बाहेर निघतो. लातूरला गॅरेजात हेच काम करतो म्हणून सांगतोय. पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू घोडीवर (स्टँडवर) घ्या, ऑइल सोडा. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा) सोडवण्याआधी फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, खूण करा, चाकं-ड्रम काढून दोन्ही हाफ शाफ्ट (गोळ्यातून चाकांकडे जाणारे दांडे) बाहेर ओढा, मग गोळ्याचे नट खोला. गोळा चांगलाच जड असतो, छातीवर झेलू नका, खाली जॅक पाहिजेच.

भंगारातून जुना आणणार असाल तर आधी दात मोजा. क्राऊनचे (मोठ्या गिअरचे) 41 आणि पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) 9 म्हणजे रेशो 4.55, निघालेला आणि आणलेला सारखाच हवा, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा दाखवेल. पिनियनचा फ्लँज धरून खालीवर हलवा, ढिला लागला तर घेऊच नका. बसवताना पॅकिंग नवीन, ऑइल 90 नंबरचं जीएल-5, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत.

मात्र नुसते क्राऊन-पिनियन बदलायचे असतील तर घरी हात घालू नका. शिम (पातळ चकत्या) आणि बॅकलॅश (दातांमधली फट) डायल गेज, म्हणजे बारीक माप दाखवणारं घड्याळ, लावूनच जुळवावे लागतात. अंदाजाने बसवलं की गाडी हुं-हुं आवाज करते आणि दात लवकर झिजतात.