आधी ऊब, मग पाणी, मग चारा

प्रश्न : माझा भाचा शिक्षणासाठी जर्मनीला गेला आणि जाताना त्याचे पाळलेले कासव मागे राहिले. ते सल्काटा जातीचे असून विकत घेतल्याची पावती आमच्याकडे आहे. वर्षभर ते त्याच्या फ्लॅटच्या काचबंद बाल्कनीत, उघड्या फरशीवर होते. शेजारचे कुटुंब त्याला काकडी, टोमॅटो आणि दुधात भिजवलेली पोळी घालत असे. गेल्या आठवड्यात मी त्याला घरी आणले, तेव्हा त्याचे डोळे खोल गेलेले होते आणि हातात घेतल्यावर ते रिकाम्या डब्यासारखे हलके लागले. त्याची लांबी १६ सेंटिमीटर आणि वजन ६२० ग्रॅम आहे. चोच वाढलेली आहे, पाठीवर उंचवटे आले आहेत आणि ते एखादाच घास खाऊन थांबते. कलिंगड आणि केळे मिक्सरमधून काढून सिरिंजने तोंडात घातले तर चालेल का? लांबीवरून वजन काढण्याचा एक तक्ता मला मिळाला आहे, त्यानुसार ते फारच कमी भरते. हे वजन किती दिवसांत भरून येईल?
— एक भगिनी, पुणे

उत्तर : आपले पत्र वाचल्यावर पहिली विनंती हीच करावीशी वाटते, की सिरिंज आणि मिक्सर दोन्ही बाजूला ठेवावेत. उपाशी जीव समोर असताना त्याच्या पोटात काहीतरी जावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, परंतु कासवाच्या बाबतीत अन्न ही शेवटची पायरी आहे. कासवाचे शरीर आपल्यासारखी स्वतःची उष्णता निर्माण करत नाही. ते बाहेरून ऊब घेते आणि त्या उबेवरच त्याची आतडी चालतात. थंड कासवाच्या पोटात बळेच घातलेला गर पचत नाही, तो आत कुजतो. शिवाय कासवाच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि त्याला आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधील स्नायूंचा पडदा, नसल्यामुळे फुप्फुसात गेलेला द्रव ते खोकून बाहेर टाकू शकत नाही. सिरिंजने भरवताना न्यूमोनिया झालेली कासवे मी पाहिली आहेत, आणि भरवणारी माणसे प्रत्येक वेळी मायेचीच होती.

डिसेंबरात पुण्यातील रात्रीचे तापमान बारा अंशांच्या खाली सहज उतरते. सल्काटा हे सहाराच्या दक्षिण कडेचे, सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंतच्या रखरखीत पट्ट्यातील कासव आहे. ते शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे थंडीत गप्प पडून राहिलेले सल्काटा झोपलेले आहे असे समजू नये, ते गारठलेले असते. जुन्या दिवाणाचा खोका किंवा साधारण चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद लाकडी पेटी घेऊन तिच्यात माती आणि कोकोपीट यांचा चार बोटे थर द्यावा आणि तो किंचित ओलसर ठेवावा. एका टोकाला दिवा टांगून त्याच्या खाली ३५ ते ३८ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २६ ते २८ अंश तापमान राहील असे पाहावे, म्हणजे कासव आपल्याला हवी ती जागा स्वतः निवडते. हल्लीच्या एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही. त्यासाठी जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन लागेल. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून वापरावा, आणि ते अशक्त आहे तोवर रात्रीचे तापमान २५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. तापमान हाताने अजमावू नये, पेटीच्या दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर ठेवावा.

आपल्या पत्रातील एका शब्दापाशी मी थांबलो, तो म्हणजे ‘काचबंद’. त्या बाल्कनीत ऊन येत असणार आणि कासव उन्हात बसते आहे हे पाहून शेजाऱ्यांना समाधानही वाटत असणार. परंतु कातडीत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील जे अतिनील किरण लागतात, ते खिडकीच्या साध्या काचेतून पार होत नाहीत. ते जीवनसत्त्व नसले की खाण्यातील कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडे व कवच यांतील चुना हळूहळू झिजतो. खालच्या कवचावर अंगठ्याने अगदी हलका दाब देऊन पाहावे. या वयाच्या कासवाचे कवच घट्ट लागले पाहिजे, ते पुठ्ठ्यासारखे दबत असेल तर दुखणे बरेच पुढे गेले आहे. थंडी कमी असेल त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्याला वीस-तीस मिनिटे थेट उन्हात ठेवावे, मात्र शेजारी सावली असावी आणि आपण तिथेच बसावे. काचेच्या टाकीत घालून उन्हात ठेवल्यास ते काही मिनिटांत तापून मरू शकते. एरवी अतिनील किरणांची ट्यूब लावावी. तिचा उजेड दिसत राहतो पण किरण आधीच संपतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ती बदलावी.

दोन दिवस ऊब मिळाली की पाण्याला सुरुवात करावी. पसरट टबात कोमट, म्हणजे साधारण ३० अंशांचे पाणी, वरचे आणि खालचे कवच जिथे जुळते तिथवर घ्यावे. मान खाली टाकली तरी नाक पाण्याबाहेर राहील याची खात्री करावी. रोज वीस ते तीस मिनिटे असे बसवावे आणि पाणी गार होऊ लागले की बदलावे. पहिल्या काही दिवसांत ते मान लांब करून, डोळे अर्धवट मिटून बराच वेळ पाणी ओढताना दिसले तर त्याला हलवू नये. त्याच पाण्यात ते लघवी करते आणि तिच्याबरोबर पांढरा पदार्थ पडतो. तो चिमटीत धरून पाहावा. पातळ दह्यासारखा मऊ असेल तर ठीक आहे, पण वाळूसारखा खरखरीत किंवा भिजवलेल्या चुन्याच्या गोळ्यासारखा घट्ट असेल तर शरीरात पाण्याची तूट अजून मोठी आहे. अशा कासवांना कधी कधी मूत्राशयात खडाही असतो, तो क्ष-किरण चित्रात दिसतो.

अन्नाबद्दल सावधपणा हवा, त्याचे आणखी एक कारण आहे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न, त्यातही साखरेचे, मिळाले की रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जाते आणि जीव दगावू शकतो. माणसांच्या बाबतीतही हे घडते. म्हणून केळे आणि कलिंगड आत्ता तर नकोच, पण सल्काटाला पुढेही नकोच. ते गवतावर जगणारे कासव आहे. दूध ते पचवू शकत नाही, पोळीही त्याचे अन्न नाही, आणि काकडी-टोमॅटोत पाण्यापलीकडे त्याच्या उपयोगाचे फारसे काही नसते. चार-पाच दिवस ऊब आणि पाणी झाल्यावर दूर्वांची कोवळी जुडी, जास्वंदाची दोन-तीन पाने, तुतीचे एखादे पान असे थोडेसे चिरून समोर ठेवावे आणि हळूहळू वाढवत न्यावे. काटे सोलून काढलेली नागफणीची फडी बहुतेक कासवे आवडीने खातात. शेवग्याचा पाला चिमूटभर चालेल. पालक आणि अळू यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून ते नेहमीच्या खाण्यात नसावेत. कण्हेर, घाणेरी आणि कुंडीत शोभेसाठी लावतात ते डिफेनबेकिया यांचा एक तुकडाही त्याच्या वाटेत येऊ देऊ नये, तसेच रस्त्याकडेचे किंवा फवारणी झालेले गवत आणू नये. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस बारीक किसून पाल्यावर भुरभुरावा आणि एक तुकडा पेटीत ठेवून द्यावा. तो कुरतडण्याने चोचही थोडी घासली जाते. वाढलेली चोच मात्र घरी नेलकटरने कापू नये, ती उभी चिरते.

हे सर्व करत असतानाच, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे या आठवड्यात जाणे आवश्यक आहे. माझे हे उत्तर तपासणीची जागा घेऊ शकत नाही. क्ष-किरण चित्र, रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस व यूरिक ॲसिड आणि ताज्या विष्ठेची जंतांसाठी तपासणी एवढे करून घ्यावे. गरज पडल्यास ते सलाईन टोचतील किंवा नळीने खाद्य देतील, ते त्यांच्याच हातून व्हावे. दोन गोष्टी आपण स्वतः नम्रपणे विचाराव्यात. जंतांवरचे आयव्हरमेक्टिन कुत्र्या-गुरांना सर्रास देतात, पण कासवांना ते विषारी आहे. आणि अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन जास्त झाले तर कासवाची कातडी सोलून निघते. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातून बुडबुडे येणे, मान उचलता न येणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी निघावे.

आता वजनाविषयी. आपल्याला मिळालेला तक्ता बहुधा ब्रिटनमधील पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांच्या अभ्यासावरून आलेला असावा. तो भूमध्य सागराच्या परिसरातील दोन जातींसाठी, त्या कासवांनी शीतनिद्रा घ्यावी की नाही हे ठरवण्यासाठी केलेला आहे. सल्काटाची बांधणी निराळी असल्यामुळे तो इथे लावू नये. आपले कासव कृश आहे यात शंका नाही, खोल गेलेले डोळे आणि हाताला जाणवणारा पोकळपणा हे पुरेसे आहे. स्वयंपाकघरातील काट्यावर, त्यासाठी वेगळे ताट ठेवून, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी, पाण्यात बसवण्यापूर्वी वजन करावे आणि वहीत लिहावे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका कुटुंबाने बादलीत घालून असेच एक कासव आणले होते. पहिल्या आठवड्यात त्याचे वजन चाळीस ग्रॅमने वाढले आणि घरचे आनंदाने पेढे घेऊन आले. मी त्यांना सांगितले की हे पाणी आहे. पुढच्या आठवड्यात त्याने साठलेली जुनी विष्ठा आणि पांढरा खडा टाकला आणि वजन पंधरा ग्रॅमने उतरले, तेव्हा त्या घरातील आजी रडवेल्या झाल्या. वास्तविक ती पहिली चांगली खूण होती. अकराव्या दिवशी त्याने जास्वंदाच्या लाल फुलाला स्वतःहून तोंड लावले, पाकळीचा अर्धा तुकडा ओठाशी लोंबत राहिला, आणि तो गिळायला त्याला बराच वेळ लागला. खरे मांस आणि हाड भरायला त्याला सुमारे वर्ष गेले. आपणही दिवस मोजू नयेत, महिने मोजावेत. पाठीवरचे उंचवटे मुख्यतः कोरड्या हवेत वाढल्यामुळे येतात, ते सपाट होणार नाहीत. पण यापुढे वाढणारे कवच गुळगुळीत आणि एकसारखे आले, तर कडेला ती नवी फिकट रेघ आपल्याला स्पष्ट दिसेल.

कागदपत्रांविषयी थोडे. सल्काटा परदेशी असले तरी वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारातील यादीत आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर करावी लागते. भाच्याने ती केली होती का हे विचारून घ्यावे आणि ताबा आपल्या नावावर करून घ्यावा. तसेच हे कासव पूर्ण वाढल्यावर चाळीस-पन्नास किलोचे होऊ शकते आणि माणसाइतके जगते, याचा विचार घरात बसून आत्ताच करावा. त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याचा टब स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये, कारण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो.

प्रश्न : आमच्या सासऱ्यांना कोणीतरी ‘घरात भरभराट होते’ म्हणून पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले कासव दिले होते. ते आता फार अशक्त झाले आहे. घरीच उपचार करावेत, की गोदावरीत सोडून द्यावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही करू नये. हे स्टार कासव आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ते घरी बाळगणे गुन्हा आहे आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आहे. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला आपण वळसा घालून पुढे जातो, तो मान या जिवंत प्राण्याला पेटीत कोंडून मिळत नाही. आपण वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आजच कळवावे आणि ते कसे घरात आले हे खरे सांगावे. नदीत मात्र कधीही सोडू नये. हे जमिनीवरचे कासव आहे, त्याला पोहता येत नाही, ते बुडून मरते. जवळच्या टेकडीवर सोडणेही योग्य नाही, कारण घरात राहून लागलेले रोग ते रानातील इतर कासवांना देऊ शकते. वनविभागाची माणसे येईपर्यंत हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरून त्याला ठेवावे. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे नको झाल्यास त्याला दुसरीकडे सरकता येईल. उथळ कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसवण्यास हरकत नाही. खायला काही घालू नये, आणि खोके मुलांच्या व कुत्र्या-मांजरांच्या हातापासून दूर, शांत खोलीत ठेवावे.